माशी चावल्यावर विंचवाची गोळी देऊ नका



आजची नोंद पिकाची नाही. दसऱ्यानंतर गवत काढणीत आमच्या बांधावर जे झालं ते लिहायचं राहून गेलं होतं. लिहू की नको असंही वाटत होतं, कारण त्यात चूक माझी आहे. होता होता राहिलेली चूक. पण लपवून ठेवली तर उद्या दुसऱ्या एखाद्या कोंडावर कोणीतरी तीच करेल, आणि तिथं वेळेवर फोन लागेलच असं नाही.

वरकसातलं गवत कापत होतो. मी, चुलत भाऊ, वहिनी आणि शेजारच्या काकी. गवत कमरेपर्यंत आलेलं. वहिनींचा विळा करवंदीच्या जाळीला लागला आणि आत गांधीलमाशीचं पोळं. चार-पाच माश्या मानेला आणि हाताला चावल्या. सगळे धावत खाली आंब्याखाली आलो. काकींनी विळ्याचं पातं घासलं, चंचीतला चुना काढून लावला. वहिनी हसत होत्या. "ह्याच्या आधी पण चावल्यात, काय होत नाय," म्हणाल्या.

दहा मिनिटं झाली नसतील. त्यांचे तळहात खाजायला लागले. मग अंगभर पित्त उठलं. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि "डोळ्यापुढं अंधारी येते" म्हणून खालीच बसल्या. चेहरा पांढरा पडलेला.

वरच्या शेतातले आबा आवाज ऐकून आले. म्हणाले, "विंचवाची गोळी द्या. माझ्याकडं मागच्या साली आणलेली शिल्लक हाय. विषावर चालते." मी धावत जाऊन गोळी आणली. तांब्यात पाणी घेतलं. गोळी हातात होती मंडळी, द्यायचीच बाकी होती.

तेवढ्यात भाऊ टेपाडावर चढला होता, तिथं रेंज मिळते. ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय चावलंय?" गांधील, विंचू नाही, सांगितलं. मग म्हणाले, "ती गोळी अजिबात देऊ नका. तिला आडवी करा, पाय उंच ठेवा आणि उठवून चालवू नका. आडवीच घेऊन निघा, मी पुढं कळवतो."

घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून गाडी. दवाखान्यात मांडीत एक इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. आठ-दहा मिनिटांत आवाज सुटला, चेहऱ्यावर रंग आला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण उतरलेला त्रास काही तासांनी परत येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी घरी आल्या.

घरी आल्यावर माझे हात थरथरत होते. कारण मधल्या वेळात डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं, की ती गोळी पोटात गेली असती तर काय झालं असतं.

विंचवाची गोळी आपल्याला एवढी जवळची का?

ह्याचं कारण आपल्याच मातीत आहे. तरुण पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळात आपल्याकडं लाल विंचू चावलेला माणूस दवाखान्यात पोचूनसुद्धा दगावायचा. लहान मुलं तर फार जायची. बावस्करांनी एक-एक रोगी बघून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास सगळ्याची नोंद ठेवली. त्यातून त्यांना दिसलं की विंचवाच्या विषानं शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरतं. १९८२ साली लॅन्सेट ह्या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लक्षणांवरचा लेख आला. १९८६ साली त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा प्राझोसिनच्या गोळीवरचा लेख तिथंच आला. ही गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढं विंचवाच्या विषावरची लस आणि ही गोळी एकत्र देऊन महाडमध्येच चाचणी झाली, ती २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून आपल्याकडं "विंचवाची गोळी" म्हटलं की माणसाला धीर येतो. आबांचं काही चुकलं नाही. त्यांनी ह्या गोळीनं माणसं वाचताना बघितलीत. चूक एवढीच, की विष म्हणजे विष, सगळ्यावर एकच उतारा, असं आपण धरून चालतो.

माशीची ॲलर्जी ही विंचवाच्या बरोबर उलटी आहे. तिथं रक्तवाहिन्या आवळतात, इथं एकदम सैल पडतात. रक्तदाब कोसळतो. घसा सुजतो, श्वासनळ्या आकसतात. इथं ॲड्रेनालिन बाहेरून द्यावं लागतं, तेच ते मांडीतलं इंजेक्शन. अशा माणसाला प्राझोसिन दिलं म्हणजे आधीच कोसळलेला रक्तदाब आणखी खाली ढकलला. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला मारू शकते.

तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हाच: काय चावलंय? आणि दुसरा: आता काय होतंय? औषधाचं नाव त्यानंतर. विंचवाची गोळीसुद्धा घरच्या घरी अंदाजानं द्यायची नाही. रक्तदाब बघून द्यायची ती गोष्ट आहे.

कोण कोण चावतं?

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती एकदाच डंख मारते, नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि माशी मरते. तुटलेली पिशवीसुद्धा पुढं काही वेळ विष ढकलत असते. म्हणून दिसली की लगेच काढायची. नखानं खरवडून काढा, चिमटीत धरून काढा, कशीही काढा. चिमटीत धरू नये, विष पिळलं जातं, असं आपण ऐकत आलो. पण कशी काढली ह्यापेक्षा किती लवकर काढली ह्यानं जास्त फरक पडतो. चिमटा शोधायला घरी जाऊ नका.

गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत. ती आत राहत नाही, एकच माशी पाच वेळा चावू शकते. तिथं काढायला काहीच नसतं, तिथून लांब पळायचं असतं.

आपल्याकडं मधमाश्यांत आग्या सगळ्यात तापट. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं उघडं पोळं लावते आणि उठली की शेकड्यानं पाठलाग करते. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, पेटीत राहते, तशी गरीब. फुलोरी झुडपाच्या फांदीला छोटं पोळं करते. मातीची घरटी करणारी कुंभारीण आपल्या वाटेला जात नाही, तिला उगाच मारू नका.

काय होतंय, ते तीन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार नेहमीचा. चावल्या जागी आग, सूज, खाज. कधी कधी हात कोपरापर्यंत सुजतो आणि दोन-तीन दिवस राहतो. दिसायला भयंकर, पण जीवाला धोका नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवा, सूज चढल्यावर निघत नाहीत. साबण-पाण्यानं धुवा, थंड पाण्याची किंवा फडक्यात बर्फ घेऊन पट्टी ठेवा. खाजेला सेटिरिझिनची गोळी चालते, दुखण्याला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसांना, आणि तेही नेहमीच्या डॉक्टरांना विचारून. डंख तोंडात किंवा घशात बसला असेल, किंवा डोळ्याला, तर मात्र थांबू नका, सरळ दवाखाना.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा, आमच्या वहिनींचा. इथं डंख किती ह्याला किंमत नाही, एक पुरतो. ओळख सोपी आहे. चावलं हाताला आणि त्रास भलतीकडंच. अंगभर पित्त, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलटी, पोटात कळा, चक्कर. चावल्या जागेच्या पलीकडं काहीही व्हायला लागलं की घड्याळ बघा. ब्रिटनमध्ये ॲलर्जीनं झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कीटकाच्या डंखानं जे गेले त्यांतल्या निम्म्यांचा श्वास किंवा हृदय १५ मिनिटांच्या आत थांबलं होतं. पंधरा मिनिटं! आपल्या वरच्या कोंडावरून डांबरी रस्त्याला यायलासुद्धा ती पुरत नाहीत.

अशा माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करून चालवायचं नाही. आपल्याकडं "चाल, चाल, झोपू नको" म्हणून दोघांच्या खांद्यावर टाकून चालवत नेतात. ती साप चावल्यावरची जुनी सवय, तिथंही चुकीचीच. रक्तदाब उतरलेला माणूस एकदम उभा केला तर तिथंच जाऊ शकतो. डोली, घोंगडी, खाट, जे असेल त्यावर आडवा न्या. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात आधी कळवा. सेटिरिझिन दिली म्हणून थांबू नका, ती खाज कमी करते, रक्तदाब वर आणत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही गोळ्यांमुळं ॲड्रेनालिनचा असर कमी होतो. आणि ज्याला एकदा असं झालंय त्याला पुढच्या वेळी पुन्हा होण्याचा धोका मोठा. आमच्या वहिनी आता गवताला जात नाहीत. गेल्या तरी भारे बांधायला येतात, कापायला नाही.

तिसरा प्रकार खूप डंखांचा. आग्या उठली आणि पन्नासच्या वर डंख बसले, तर ॲलर्जी नसली तरी विषच जास्त होतं. लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला ह्याहून कमी डंखही फार. माणूस पहिल्या दिवशी चालतो-बोलतो, घरी जाऊन जेवतो. स्नायूंचा नाश होऊन तो कचरा मूत्रपिंडात अडकतो आणि त्रास एक-दोन दिवसांनी दिसतो. लघवी कोऱ्या चहासारखी होते, नाहीतर कमी होते. मोठ्या गांधिलींच्या बाबतीत तर ह्याहून कमी डंखांतही मूत्रपिंड बंद पडल्याचं डॉक्टर सांगतात. म्हणून बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जाऊन रक्त-लघवी तपासून घ्यायची. सापाला किंवा विंचवाला जशी लस आहे तशी मधमाशीच्या आणि गांधिलीच्या विषावर आपल्याकडं लस नाही. वेळेवर पोचणं हीच लस.

मग लोखंड घासून बरं वाटतं ते कसं?

आता काही जण म्हणतील, आम्ही जन्मभर लोखंड घासतो, चुना लावतो, तुळशीतली माती लावतो, आम्हाला कधी काही झालं नाही. खरं आहे. शंभरातल्या बहुतेकांना पहिल्या प्रकाराचाच त्रास होतो आणि तो आपोआप उतरतो. काहीही लावलं नाही तरी उतरतो. श्रेय मात्र विळ्याच्या पात्याला जातं. पुस्तकातही येतं की मधमाशीचं विष आंबट म्हणून सोडा लावा, गांधिलीचं उलटं म्हणून लिंबू लावा. विष कातडीच्या खाली गेलेलं असतं, वरून लावलेला सोडा तिथं पोचतच नाही.

थंड पातं लावल्यानं जरा बरं वाटत असेल तर माझी तक्रार नाही. तक्रार दोन गोष्टींची. एक, माती आणि शेण जखमेवर लावू नका, धनुर्वाताला आमंत्रण आहे. दुसरी मोठी. उपाय करत बसण्यात जी दहा मिनिटं जातात, ती दुसऱ्या प्रकारच्या माणसाची शेवटची असू शकतात. लावायचं ते लावा, पण नजर माणसाच्या तोंडाकडं ठेवा, डंखाकडं नको.

आता मांजराचं.

हसू नका. आमच्या घरी मांजर आहे म्हणून भाताच्या कणगीत उंदीर नाहीत. वहिनी घरी आल्या त्याच आठवड्यात आमच्या मनीनं पडवीत गांधील पकडली. माशी पकडायला पंजा मारतात किंवा सरळ तोंडात घेतात, त्यामुळं मांजराला डंख बसतो तो पंजाला, नाकाला नाहीतर तोंडाच्या आत. अर्ध्या तासात तिचं तोंड एका बाजूनं सुजून बोक्यासारखं झालं. घरच्यांनी दया येऊन पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कुस्करायला घेतली. एकदा हात पोळले होते म्हणून ह्या वेळी मी आधी पशुवैद्यकांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच.

मंडळी, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाचं आणि कुत्र्याचंही यकृत ती गोळी ज्या रीतीनं मोडून टाकतं ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. एका गोळीतसुद्धा मांजर मरू शकतं. रक्त तपकिरी होतं, हिरड्या निळसर-मातकट दिसतात, श्वास लागतो. आणि ह्यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ह्या विषबाधेत मांजराचं तोंड आणि पंजे सुजतात. म्हणजे माणसाला वाटणार डंखाची सूज वाढली, आणि तो उरलेली अर्धी गोळीही देणार! आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या दुखण्याच्या गोळ्याही मांजराला नकोत. सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, तीही नको. सेटिरिझिन पशुवैद्यक कधी कधी देतात, पण वजनाप्रमाणे मात्रा त्यांनी सांगायची. चुना, रॉकेल, बाम मांजराला लावू नका. मांजर अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं.

करायचं काय? गोणपाटात किंवा जाड टॉवेलात गुंडाळून धरा, दुखत असलं की प्रेमाचं मांजरही बोचकारतं. मधमाशी असेल तर नांगी शोधून काढा. ओल्या थंड फडक्यानं थोडा थोडा वेळ शेक द्या. मग दोन-तीन तास घराबाहेर सोडू नका, नजरेसमोर ठेवा. नुसती सूज असेल तर बहुतेकदा एका दिवसात उतरते. मनीची दुसऱ्या दिवशी सकाळी उतरली.

धोका कधी? मांजराला जबर ॲलर्जी आली की तिचा मार बहुतेकदा फुफ्फुसावर बसतो. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकत नाही. ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, लाळ गळायला लागली, उलटी-जुलाब झाले, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या पडल्या, चालताना झोकांड्या गेल्या, की पिशवीत घाला आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा नंबर आहे, मोबाईलमध्ये आजच ठेवून द्या. आणि आग्या उठली तर जनावरांची दावी आधी कापा. बांधलेल्या बैलाला पळता येत नाही, तो जागेवर मरतो.

वहिनी काय आणि मनी काय, दोन्ही वेळा घरात औषध होतं. दोन्ही वेळा ते प्रेमानंच पुढं केलं होतं. आणि दोन्ही वेळा तेच मारक ठरलं असतं.

आता माझं म्हणणं.

ॲड्रेनालिन हे काही मुंबईहून मागवायचं महागडं औषध नाही. जुनं आहे, स्वस्त आहे. आपल्या गावात लसीकरण असतं त्या दिवशी सिस्टरच्या पेटीत ते असतंच, कारण लशीचीसुद्धा एखाद्या बाळाला अशीच ॲलर्जी येऊ शकते. म्हणजे ज्या कोंडावर गांधील चावून माणूस जाऊ शकतो, त्याच कोंडावर महिन्यातून एक दिवस त्याचं औषध येऊन परत जातं. बाकीचे दिवस?

माझं मत असं, की भातकापणी-गवत काढणीचे महिने आणि आग्या मोहोळाचे महिने तरी हे इंजेक्शन उपकेंद्रात कायम असावं. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्यावर पहिला डोस सिस्टरनं तिथंच द्यावा आणि मग पुढं पाठवावं. कोणी म्हणेल, चुकीच्या माणसाला दिलं तर? हृदयाचा रोगी असला तर? शंका बरोबर आहे. म्हणून तर मी आपल्यासारख्यांच्या हातात सुई मागत नाही. शिकलेल्या सिस्टरच्या हातात, डॉक्टरांच्या शब्दावर मागतोय. लसीकरणाच्या दिवशी जो विश्वास तिच्यावर ठेवता तो बाकीच्या दिवशीही ठेवा. ग्रामसभेत हा विषय घ्या. आम्ही घेणार आहोत.

दुसरं, नोंद. विंचवाचे मृत्यू कमी झाले ते नुसत्या गोळीनं नाही. कोणीतरी बिरवाडीत बसून प्रत्येक रोगी लिहून ठेवला म्हणून. माशी चावून कोणी गेलं तर आपल्याकडं म्हणतात "हार्ट फेल झालं", "चक्कर येऊन पडला". तसं नको. काय चावलं, किती डंख, किती वेळात काय झालं, हे दवाखान्यात सांगा आणि लिहून घ्यायला लावा. जे लिहिलंच जात नाही त्याचं औषध कोण पाठवेल?

तिसरं, कृषी विभागाच्या शेतीशाळेत मित्रकीटक शिकवतात तेव्हा त्याच मित्रानं डंख मारला तर काय करायचं तेही शिकवा. अर्धा तास पुरे.

पोळी जाळायची का?

वहिनींचं झाल्यावर कोंडावर दोघं-तिघं पेट्रोल घेऊन निघाले होते. राग समजतो. पण गांधीलमाशी अळ्या पकडून पिलांना घालते, भातावरच्या आणि भाजीवरच्या अळ्यांवर ती फुकटची फवारणी आहे. मधमाशी नसेल तर काकडी, दुधी, कारली, कलिंगडाला फूल येईल पण फळ धरणार नाही. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर. तिथं मध संचालनालय आहे, आणि तिथलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. घाटाच्या वर लोक माश्या पाळून पैसे करतात आणि खाली आपण पेटवून देतो. आणि गवतात पेट्रोल टाकून लावलेली आग पोळ्यापाशी थांबत नाही, ती वणवा होऊन कलमात शिरते.

दाराजवळचं, शाळेजवळचं, पाणवठ्यावरचं पोळं काढावंच लागतं. तेव्हा माहितगाराला बोलवा. आग्या असेल तर स्वतः हात घालू नका, वनविभागाला किंवा मध काढण्याचं प्रशिक्षण घेतलेल्याला कळवा. बाकीची राहू द्या, फक्त जागा माहीत असू द्या.

आम्ही ह्या वर्षापासून कापायच्या आधी लांब काठीनं जाळी आणि बांध हलवून बघतो, लांब उभं राहून दोन मिनिटं माश्यांची ये-जा बघतो. सापडलं की काठीला लाल फडकं बांधून तो तुकडा सोडून देतो. ग्रास कटरवाल्यांनी जास्त सांभाळा. मशीनच्या आवाजात माशी उठलेली कळत नाही आणि हादऱ्यानं ती आधीच चिडलेली असते. पूर्ण बाह्या, बूट, चष्मा घाला. उग्र वासाचं तेल-अत्तर लावून जाऊ नका.

उठलीच तर हात झाडत उभं राहू नका. एक माशी चावली की डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, त्यावर बाकीच्या येतात. म्हणून चिरडायचं नाही, तोंडावर शर्ट, इरलं, घोंगडी जे असेल ते ओढायचं आणि घर किंवा गाडी गाठायची. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत घोंगावतात आणि डोकं वर काढलं की चावतात. गडावर, लेण्यांवर येणाऱ्या चाकरमान्यांना आणि पाहुण्यांनाही सांगा, पोळ्याखाली शेकोटी नको, फटाके नकोत, दगड तर नकोच.

आबांना मी ती गोळी परत नेऊन दिली. त्यांना सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आरं, मग हिच्यावर लिहून ठेव, फक्त विंचू." नातवाच्या पेननं पाकिटावर लिहून ठेवलंय आता.

तुमच्याकडच्या डब्यातही असं एखादं बिननावाचं पाकीट असेल. आज संध्याकाळी काढून बघा. कोणत्या कोंडावरून कोणत्या दवाखान्यात किती वेळ लागतो आणि तिथं हे इंजेक्शन आहे का, तेही आत्ताच विचारून ठेवा. माशी चावल्यावर विचारायला वेळ नसतो.

तुमच्याकडं काय अनुभव आला, खाली लिहा. आता वालाला फुलं येतील, पुढची नोंद त्यावर.